राणीचं नाक

माझ्या नोकरीत मी एकदाच ठरवून खोटं बोललो, आणि ते एका कुत्रीबद्दल बोललो. यंदाच्या पोळ्यापर्यंत ही गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. सुनंदाला, म्हणजे बायकोलाही नाही. ‘तुमच्या त्या बॉम्ब शोधायच्या मशीनवर काहीतरी गमतीदार लिहा’ असा संपादकांचा फोन आला तेव्हा मी हो म्हणालो, फोन ठेवला आणि बराच वेळ गच्चीवर जाऊन उभा राहिलो. गमती पुष्कळ आहेत. त्या सांगतोच. पण कुठलीही गंमत उचलायला गेलं की तिच्याखाली ती कुत्री बसलेली सापडते. तिला उठवून बाजूला करणं मला जमलं नाही, म्हणून तिच्यासकट लिहितो.

आधी मशीन म्हणजे काय ते सांगायला हवं. मी अमरावतीचा, वडील मास्तर, मी फिजिक्स शिकलेला. पुण्याच्या एका कंपनीत लागलो. या कंपनीनं न्यूट्रॉन वापरून लपवलेली स्फोटकं ओळखणारी एक मशीन ट्रकवर बसवली होती आणि ती चाचणीसाठी अकोल्याच्या मालधक्क्याजवळ एका मैदानावर उभी केली. वऱ्हाडातला माणूस म्हणून तिच्यासोबत मला धाडलं. मला वाटलं बढती आहे. नंतर कळलं, बाकी कुणी उन्हाळ्यात अकोल्याला यायला तयार नव्हतं.

माझ्या सासूबाईंनी पहिल्याच दिवाळीला विचारलं होतं, “जावईबापू, तुमची मशीन करते काय?” त्यांना जे सांगितलं तेच इथं सांगतो. एक्स-रेला वस्तूचा आकार दिसतो. साबणाची वडी आणि स्फोटकाची वडी यांत त्याला फारसा फरक कळत नाही. आमची मशीन आकाराच्या भानगडीत पडत नाही. ती पोत्यावर न्यूट्रॉन सोडते. न्यूट्रॉन हा अणूच्या पोटातला कण. त्याला विजेचा भार नसतो, त्यामुळे पोतं, पत्रा, लाकूड यांतून तो सरळ आत शिरतो. आतल्या मालाच्या अणूंची केंद्रं त्याला गिळतात. गिळला की लगेच ढेकर देतात. हा ढेकर म्हणजे गॅमा किरण. गंमत अशी की प्रत्येक मूलद्रव्याचा ढेकर वेगळा असतो. लोखंडाचा वेगळा, मिठातल्या क्लोरीनचा वेगळा, आणि नायट्रोजनचा तर असा दणदणीत की गर्दीतही ओळखू यावा. बहुतेक स्फोटकांत नायट्रोजन ठासून भरलेला असतो. आपण बाहेर बसून ढेकर मोजायचे.

सासूबाई म्हणाल्या, “म्हंजे पंगतीत उभं राहून कोण काय जेवलं ते सांगाचं.” याहून चांगलं मला आजतागायत सांगता आलेलं नाही.

आता अडचण ऐका. ही मशीन पुण्यात तयार झाली आणि तिची सवय लावली होती शहरातल्या सुटकेसांवर. कपडे, चपला, साबण, फराळाचे डबे. तिला अकोल्याला आणून उभं केलं आणि पहिलंच पोतं आलं सरकीच्या ढेपेचं. मशीन बोंबलली. दुसरं आलं तूरडाळीचं. बोंबलली. मग युरिया, मग लोकरीच्या घोंगड्यांचा गठ्ठा, मग सोयाबीनचा चुरा. नायट्रोजन या सगळ्यांतच आहे. ढेप आणि डाळ म्हणजे प्रथिनं, आणि प्रथिनं म्हणजे नायट्रोजन आलाच. त्या आठवड्यात आमच्या मशीनच्या मते अख्खं वऱ्हाड उडायच्या बेतात होतं.

ढेपेचा व्यापारी दोरीपलीकडून ओरडला, “मशीनले मनाव, एकदा खाऊन पाह्य ना बापा! माह्या म्हशी रोज खातेत, एकही फुटली नाही.”

डाळीचं पोतं एका बाईंचं होतं; लेकीच्या घरी नेत होत्या. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “माह्या डाळीत बॉम्ब हाये? मंग शिजाले इतका वेळ कावून लागते?”

ट्रकचे ड्रायव्हर किरणांना भिऊन असत. खरं म्हणजे दोरीच्या बाहेर काहीच धोका नसे. आम्ही छातीला बिल्ले लावायचो, किती किरण लागले ते त्या बिल्ल्यावरून तपासलं जाई, आणि तपासलेला माल खाण्यात-वापरण्यातही अडचण नसे. तरी एक ड्रायव्हर हळूच जवळ आला. “साहेब, याच्यानं पोरं होत नाही म्हन्तेत. खरं काय?” मी म्हटलं, दोरीबाहेर उभे राहा, काही होत नाही. तो म्हणाला, “तसं नाही. मले चार हायेत. म्हणून इचारून राहिलो, आत उभा राहू काय?”

मशीनला वऱ्हाड शिकवायला मला कितीतरी महिने लागले. नुसता नायट्रोजन बघून चालत नाही. त्याच्यासोबत कार्बन किती, हायड्रोजन किती, ऑक्सिजनचा अंदाज काय, हे एकत्र बघावं लागतं. डाळीत नायट्रोजन असतो पण कार्बन त्याहून कितीतरी जास्त. स्फोटकात हा हिशेब उलटा पडतो. मी ढेपेची, डाळीची, युरियाची ओळख एकेक करून तिच्या डोक्यात घातली. या कामाचा मला अभिमान आहे, आणि तो खोटा नाही. याच काळात दर्यापूरकडचे एक शेतकरी खताची पिशवी घेऊन आले. “साहेब, हा युरिया खरा हाये का मीठ?” नियमात बसत नव्हतं. पण मी पिशवी मशीनला लावली. नायट्रोजनचा पत्ता नाही, क्लोरीनचा मात्र ढेकरावर ढेकर. मीठच होतं. ते गृहस्थ हात जोडून गेले आणि दुसऱ्या दिवशी मैदानावर खताच्या पिशव्यांची रांग लागली. पुण्याहून आमच्या साहेबांचा फोन: “आपण स्फोटकं शोधतोय की कृषी खातं चालवतोय?”

राणी आणि साहेबराव मला त्याच मैदानावर भेटले.

हवालदार साहेबराव इंगळे, मूळचे भातकुलीचे, श्वानपथकात होते. राणी ही त्यांची लॅब्रॅडोर. पिवळसर रंग, एक कान जरासा मुडपलेला, आणि चालण्यात सरकारी रुबाब. स्फोटकाचा वास आला की ती भुंकायची नाही, ओरबाडायची नाही. नुसती बसायची. साहेबराव तेवढंच म्हणत, “बसली.” आणि सगळे मागे सरकत. कुत्र्याला वास लागतो तो मालातून सुटणाऱ्या अगदी बारीक कणांचा, चिमूटभराच्याही चिमटीचा. हे वाक्य लक्षात ठेवा. माझं खोटं याच वाक्याशी जाऊन भिडतं.

साहेबरावांनी पहिल्या दिवशी माझ्या मशीनला एक चक्कर मारली. मी त्यांना न्यूट्रॉन, गॅमा, सगळं समजावून सांगितलं. ऐकून म्हणाले, “तुमी मास्तर काहून नाही झाले?” त्या दिवसापासून मी मास्तर. वयानं ते मोठे, तरी मला अहो-जाहो. आमची रोजची टिंगल ठरलेली. “मास्तर, तुमची मशीन दिवसाले किती डिझेल पेते?” “भरपूर.” “माही राणी दोन पोया खाते. अन् शेपटीही हालवते.” मी म्हणायचो, साहेबराव, राणी दमते, मशीन दमत नाही. ते म्हणायचे, “दमत नाही, पन बिघडते तं रोज.”

दोघांनी मिळून केलेलं एक काम सांगतो. त्या उन्हाळ्यात आमचा ट्रक काही आठवडे मेळघाटात जाणाऱ्या रस्त्यावर उभा होता. आमच्या भागात चोरून नेली जाणारी स्फोटकं बहुतेक वेळा घातपाताची नसतात. ती विहिरींची असतात. काळ्या मातीखाली खडक लागला की सुरुंग लावावे लागतात, आणि परवाना, वेगळी गाडी, पहारा हे सगळं टाळायला काही कंत्राटदार जिलेटीनच्या कांड्या कशाच्याही पोत्यात घालून प्रवासी जीपमधून धाडतात. धारणीकडे निघालेली अशीच एक जीप आली, माणसांनी गच्च. राणी मागच्या बाजूला गेली, लसणाच्या पोत्याशी हुंगलं आणि बसली. पोतं माझ्याकडे आलं. पडद्यावर नायट्रोजन उभा राहिला, आणि सोबतचा हिशेब लसणाचा नव्हता. उघडलं, लसणाखाली कांड्या.

कंत्राटदाराचा माणूस हात जोडून म्हणाला, “साहेब, विहीर फोडाले नेऊन राहिलो, मानसं फोडाले नाही.” साहेबराव म्हणाले, “अन् हे वरतं बसले ते कोन हायेत, दगड?” कारण एक आजोबा त्याच पोत्यावर बसून, बिडी ओढत, परतवाड्यापासून आले होते. त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी बिडी चपलेखाली नीट विझवली. “तरीच म्हनलं,” ते म्हणाले, “बुडाले गरम कावून लागून राहिलं.”

त्या संध्याकाळी साहेबराव राणीला घेऊन माझ्याजवळ आले आणि तिला म्हणाले, “राणे, मास्तरची मशीनही बसली बरं का.” इतकी मोठी शाबासकी मला कंपनीनं कधी दिली नाही.

आता ते खोटं.

दररोज सकाळी मशीन सुरू केली की तिची परीक्षा घ्यावी लागे. त्यासाठी कंपनीनं एक ठोकळा दिला होता, नायट्रोजन भरपूर असलेला पण निरुपद्रवी. माल ज्यावरून आत सरकतो त्या पट्ट्याखाली एक कप्पा होता. त्यात ठोकळा ठेवायचा, मशीन ओरडते का बघायचं, ठोकळा काढायचा, मग कामाला लागायचं. ठोकळ्याला लाल फीत बांधलेली असे. कप्पा बंद केला तरी ती बाहेर लोंबे, म्हणजे ठोकळा आत राहिला तर लगेच दिसावा. बनवणाऱ्यानं डोकं चालवून बनवलेली वस्तू होती.

तो ठोकळा तडकला. दुरुस्तीला पुण्याला गेला आणि तिकडेच राहिला. मी म्हटलं, अडायचं कशाला? मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर असतो, आणि मेलामाइनच्या थाळ्या शेजारच्या कँटीनमध्ये ढिगानं होत्या. कँटीनवाल्या भाऊरावांकडून रोज सकाळी थाळ्यांची एक चळत घ्यायची, सुतळीनं बांधायची, कप्प्यात ठेवायची, परीक्षा झाली की परत द्यायची. किती हुशार आहोत आपण, असं मला रोज वाटे. फक्त थाळ्यांना लाल फीत बांधायचं सुचलं नाही.

एके दिवशी मोठे अधिकारी मशीन बघायला येणार होते. चाचणी पुढे चालू ठेवायची की गुंडाळायची ते या भेटीवर ठरणार होतं. पुण्याचे साहेब आदल्या दिवशीच येऊन बसले होते. सकाळी मी थाळ्या कप्प्यात ठेवून परीक्षा घेतली, तेवढ्यात गाड्या मैदानात शिरल्या. ठरल्या वेळेच्या बऱ्याच आधी. साहेब ओरडले, “पुढे या, पुढे या, स्वागताला!” मी कप्पा लोटला आणि धावलो.

अधिकाऱ्यांनी स्वतःच एक माल निवडला. एका ट्रकमध्ये रुईच्या, म्हणजे कापसाच्या, गाद्या होत्या, धारणीकडच्या एका वसतिगृहासाठी निघालेल्या. आधी राणी. तिनं गाद्यांच्या गठ्ठ्याभोवती फेरी मारली, हुंगलं, साहेबरावांकडे बघितलं आणि पुढे चालू लागली. साहेबराव म्हणाले, “माल साफ हाये साहेब.” मग त्यातलीच एक गादी माझ्या पट्ट्यावर चढली.

मशीन बोंबलली.

माझाच विश्वास बसेना. कापसात नायट्रोजन जवळजवळ नसतोच. पण पडदा सांगत होता, आणि पडद्याकडे सगळे बघत होते. मैदान रिकामं झालं, बॉम्बशोधक पथकानं गाद्या उसवायला घेतल्या. एकेक करून सगळ्या. उन्हाळ्यातला वारा होता. थोड्या वेळात मैदानावर, ट्रकवर, अधिकाऱ्यांच्या टोप्यांवर, राणीच्या नाकावर, जिकडे तिकडे कापूस. राणी शिंकली. गाद्यांत कापसाशिवाय काही निघालं नाही.

तेवढ्यात भाऊराव घाईघाईनं माझ्याकडे आले आणि कानाशी म्हणाले, “साहेब, थाळ्या कुठं हायेत? आलूबोंडे थंडे होऊन राहिले.”

मी मशीनच्या मागच्या बाजूला गेलो, कप्पा ओढला, सुतळी सोडली आणि थाळ्या भाऊरावांच्या हातात दिल्या. ज्या थाळ्यांनी हा गोंधळ घातला त्यांतच थोड्या वेळानं अधिकाऱ्यांनी आलूबोंडे खाल्ले.

इथपर्यंत जे झालं ती चूक होती. चुका होतात. अधिकाऱ्यांतल्या मोठ्या साहेबांनी खाता खाता “पुन्हा लावून बघा” म्हटलं. उसवलेली गादी पुन्हा पट्ट्यावर चढवली. मशीन गप्प. त्यांनी विचारलं, “मघाशी ओरडली, आता नाही. असं कसं?”

तेव्हा मी बोललो. मी म्हणालो, “सर, या गाद्या आधी कुठंतरी स्फोटकांजवळ ठेवलेल्या असणार. बारीक कण चिकटले असतील. उसवताना ते उडून गेले.”

या धंद्यातला कुणीही हे ऐकून हसला असता. न्यूट्रॉनच्या मशीनला बारीक कण कळतच नाहीत. तिला ढिगानं माल लागतो, तेव्हा कुठं ढेकर मोजता येतात. चिकटलेले कण ओळखणं हे कुत्र्याचं काम. म्हणजे मी राणीचं कसब माझ्या मशीनच्या नावावर चढवलं आणि माझ्या मशीनची चूक राणीच्या. हे मैदानावर मला सोडून फक्त पुण्याच्या साहेबांना कळत होतं, आणि ते आलूबोंडा खात होते.

साहेबराव पुढे आले. “साहेब, कण असते तं राणी बसली असती.”

मोठे साहेब म्हणाले, “मशीनला कळलं, तुमच्या कुत्रीला नाही कळलं. वय झालं असेल तिचं. बघून घ्या.”

साहेबरावांनी माझ्याकडे बघितलं. मी पट्ट्यावरचा कापूस वेचत राहिलो.

मला नोकरी जायची भीती होती, असं आजवर मी स्वतःला सांगत आलो. खरं ते नाही. फार तर पुण्याला परत बोलावलं असतं. मला लाज वाटली. बॉम्ब शोधायला आलेला फिजिक्सचा पदवीधर कँटीनच्या थाळ्या मशीनमध्ये विसरला, हे चारचौघांत म्हणवलं नाही. एवढंच.

राणीला मुदतीआधी निवृत्त केलं. साहेबरावांनी तिला आपल्याकडे मागून घेतलं आणि स्वतः पहाऱ्याच्या ड्युटीवर गेले. दुसरा कुत्रा त्यांनी घेतला नाही. मशीनची चाचणी आणखी काही काळ चालली आणि मग खर्च झेपेना म्हणून तिला ताडपत्री घालून पुण्याला नेलं. मी कंपनी सोडली. आता एका वीजकेंद्रात येणारा कोळसा त्याच न्यूट्रॉननं तपासतो. राख किती, गंधक किती. कोळसा कुणावर आळ घेत नाही, हे या कामाचं सुख.

साहेबरावांची आणि माझी मैत्री मात्र टिकली, नव्हे, वाढली. ते निवृत्त होऊन भातकुलीला गेले आणि दर पोळ्याला मला जेवायला बोलावू लागले. गावात पोळा भरला की सजवलेल्या बैलांच्या मागे, रांगेच्या अगदी शेवटी, गळ्यात झेंडूची माळ घातलेली राणी चाले. पोरं ओरडत, “राणी बैल आला, राणी बैल आला!” साहेबरावांची छाती फुगे. ती म्हातारी होऊन गेली तेव्हा त्यांनी तिला धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, बोरीखाली पुरलं.

पण त्या घरात जेवायला बसणं मला जड जायचं, आणि त्याचं कारण ऐकून तुम्ही हसाल. वऱ्हाडातलं हे एकच घर असेल जिथं ठेचा होत नव्हता. मिरची भाजायची बंदी. कारण साहेबरावांनी मनाशी पक्कं धरलं होतं की अधिकाऱ्यांच्या त्या भेटीच्या आदल्या दिवशी कमलवहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, क्वार्टरमध्ये तव्यावर मिरच्या भाजल्या, धूर मागच्या पिंजऱ्यात गेला आणि राणीचं नाक गेलं. “यायच्या मिरचीनं गेली माही राणी,” ते प्रत्येक पोळ्याला पानावर बसून, वहिनींकडे बोट करून म्हणत. वर्षाचं तिखट वहिनी बहिणीकडे जाऊन कुटून आणत. आणि मी ती सपक आमटी ओरपत “वा वहिनी” म्हणायचो, घरी येऊन सुनंदापुढेही तिची तारीफ करायचो.

यंदाच्या पोळ्याला पुन्हा तेच. आमटी वाढताना वहिनींचा हात थांबला, साहेबराव म्हणाले, “यायच्या मिरचीनं...” आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

“मिरचीनं नाही, साहेबराव. राणीचं नाक शाबूत होतं. चूक माझी होती.”

मग सगळं सांगितलं. ठोकळा, थाळ्या, फीत, कापूस, ते बारीक कण. सांगताना मी पुरणपोळीकडे बघत होतो.

आधी वहिनी बोलल्या. “म्हंजे माह्या मिरचीनं काहीच नाही झालं?”

“नाही, वहिनी.”

“अन् इतके वर्स मी तिखट कुटाले बहिनीच्या दारात बसून राहिली?” हे मला नव्हतं, नवऱ्याला होतं. “इतके वर्स तुमी मले बोलून राहिले! त्या कुत्रीसाठी मी सपक खाल्लं! मले वाटे, जाऊ द्या, मुक्या जनावराचं पाप आपल्या माथी.” त्या तडक आत गेल्या. डबा वाजला, तवा वाजला, आणि पुढच्याच क्षणी भाजल्या मिरच्यांचा असा खकाणा उठला की आम्ही दोघं खोकत अंगणात पळालो. डोळ्यांना धारा. वहिनी दारातून म्हणाल्या, “रडा आता दोघंबी.”

अंगणात साहेबरावांनी बाहीनं डोळे पुसले. मग म्हणाले, “तवा कावून नाही बोल्ले, मास्तर?”

“लाज वाटली.”

“मले नसन वाटली?” त्यांचा आवाज चढला. इतक्या वर्षांत तो माझ्यावर पहिल्यांदा चढला. “चार लोकांत साहेबानं म्हनलं, तुमची कुत्री म्हातारी झाली. मी घरी येऊन तिच्या नाकाशी पोई धरून पाहो, येते का वास. रोज पाहो. तिले बरोबर येत होता वास. तरी मले वाटे, मीच फसून राहिलो, मायेनं. ती मरेलोक, शेवटपर्यंत, तिच्यावर इश्वास नाही ठेवला मी, मास्तर. तुमच्या मशीनवर ठेवला.”



आतून हाक आली तसे आम्ही पानावर परत बसलो. ठेचा असा जमला होता की कानातून धूर निघावा. साहेबरावांनी तीन वेळा मागून घेतला. हात धुऊन ते आत गेले आणि भिंतीवरचा राणीचा फोटो काढून घेऊन आले. वर्दीतले ते, शेजारी राणी, मुडपलेला कान, दोघंही कॅमेऱ्याकडे ताठ.

“अकोल्याले पथकाच्या खोलीत भिंत हाये,” ते म्हणाले. “चांगलं काम केलेल्या कुत्र्यायचे फोटो लावतेत तेथं. राणीचा नाही लावला. जे मले इथं सांगितलं, ते तेथं जाऊन सांगा. मैदानावर, आजचे पोरं असतीन त्यायच्या समोर. अन् खिळा तुमीच ठोकाचा.”

“तुम्ही याल?” मी विचारलं.

“पाहू,” ते म्हणाले. “आदी तुमी बोला.”

निघताना वहिनींनी ठेच्याची बरणी दिली, सुनंदासाठी. “तिले सांगजा, लय तिखट हाये.” घरी येऊन सुनंदाला बरणी दिली आणि बाकीचंही सांगितलं. ती म्हणाली, “आणि मी समजत होते, तुम्हाला सपक आवडतं.”

फोटो माझ्या टेबलावर आहे. हे लिहितोय तोवर मी अकोल्याला गेलेलो नाही. दोनदा निघालो आणि दोनदा कोळशाचं काम काढलं. राणी बरोबर होती आणि मी खोटं बोललो, हे मला त्याच मैदानावर मोठ्यानं सांगायचं आहे, आणि तिचा फोटो त्या भिंतीवर लावायचा आहे. यातलं एकही अजून झालेलं नाही.